रुमालाखालचा भाव

मी एका परदेशी सरकारी अधिकाऱ्याला दुसऱ्याच्या मालकीचा हापूसचा अख्खा ढीग चुकून विकला. त्याला घ्यायचा नव्हता, मला विकायचा नव्हता, आणि ज्याचा होता तो बागायतदार त्या वेळी देवगडला आपल्या अंगणात दात घासत असेल. तरीही व्यवहार पक्का झाला. तो ज्या सकाळी झाला ती सकाळ माझ्या थोरल्या बहिणीच्या, निर्मलाच्या, म्हणजे आमच्या निमाताईच्या, आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची सकाळ होती. मला त्या सकाळी फक्त आंबे कापायला उभं केलं होतं. सुरी हातात असेपर्यंत माझी कामगिरी उत्तम होती, हे ताईसुद्धा कबूल करते.

आम्ही तेव्हा सानपाड्याला दोन खोल्यांत राहत होतो. आमचं मूळ साताऱ्याकडचं. आबा तरणेपणी मुंबईला हमालीला आले, पाठीवर पेट्या वाहता वाहता आंब्याचा वास घेऊन जात ओळखायला शिकले आणि पुढे एका जुन्या दलालाच्या गाळ्यात भागीदार झाले. फळबाजार मुंबईतनं वाशीला हलला तसे आम्हीही खाडी ओलांडून अलीकडे आलो. आमच्या घरात मोसमाची वर्दी कॅलेंडर देत नसे, पेंढा देत असे. आबांच्या खिशातून, टोपीतून, चपलांतून पेंढ्याच्या काड्या घरभर व्हायच्या; आमटीतसुद्धा एखादी निघायची आणि आई ती बोटाने बाजूला करून म्हणायची, "सुरू झालं." मग दोन महिने रोज डागी आंब्यांचा रस. गाळ्यावर जे खपत नसे ते आमच्या ताटात. डाग कापून उरलेल्या फोडी पिळताना आईचे हात कोपरापर्यंत पिवळे होत. बाहेर तुर्भ्याच्या कारखान्यांचे भोंगे, रात्रंदिवस ट्रक मागे घेणाऱ्या क्लीनरांचं "आने दो, आने दो, बस!", आणि आत रसात बुडवलेली पोळी. अजूनही कुठे ट्रक मागे घेताना ऐकला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी साखर तपासायला सांगितली.

आबांचा खरा दरारा मात्र त्यांच्या रुमालात होता. बाजाराची रीत अशी, की दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहणार, हातांवर रुमाल टाकणार आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणार. किती बोटं धरली, कुठल्या पेरापर्यंत धरली, त्यावर सगळं. वर तोंडाने गप्पा चाललेल्या: पाऊस कसाय, पोरीचं लग्न जमलं का. खाली हात वेगळंच बोलत असत. पटलं की आबा रुमाल झटकून ओरडत, "दिला!" आणि तो शब्द गेला की गेला. मग बाप मेला तरी माल परत फिरत नसे. हमाल त्या एका शब्दावर कान ठेवून असत. तो ऐकला की पेट्या उचलायला लागत.

लहानपणी ताईला ह्या रुमालाने वेड लावलं होतं. "खाली काय चालतं?" हा तिचा प्रश्न. आबा म्हणत, "बायामानसांचं काम न्हाई त्ये. परक्या गड्याचा हात धरायचा असतुया." मला मात्र, मुलगा असल्याने, गाळ्यावरच्या मंडळींनी हसत हसत बोटांची भाषा शिकवली. मी ती घरी येऊन ताईला विकली. किंमत: माझी गणितं तिने सोडवायची. आईच्या भांडी पुसायच्या फडक्याखाली आम्ही काल्पनिक आंबे, खरे पेरू आणि एकदा शेजारच्यांची मांजर विकली. पंधरा दिवसांत ती माझ्याहून तरबेज झाली आणि मला गणित आजतागायत आलं नाही. एवढा तोट्याचा सौदा केलेला माणूस पुढे काय करू शकतो, याची कल्पना घरच्यांना तेव्हाच यायला हवी होती.

ताई अर्थशास्त्रात एम.ए. झाली आणि वाशीत निर्यातदारांच्या एका संघटनेत नोकरीला लागली. नव्वदीतले ते दिवस. जगभरच्या देशांनी व्यापाराचे नवे करार केले होते, आणि कुठल्या देशाने कुणाचा माल कुठल्या अटीवर घ्यायचा यावर जिनिव्हात माणसं महिनोन्महिने वाद घालत. त्या वादासाठी आपल्या बाजूने अभ्यास करायचा, मुद्दे काढायचे, हे ताईचं काम. घरी कुणालाच ते कळत नसे. दिवाळे कोळीवाड्याहून मासळीची टोपली घेऊन येणारी पारूबाय आमच्या दारात बसून बोंबील निवडता निवडता तिची उलटतपासणी घेई.

"काय गो बाय, तू परदेशान इकतेस काय?"

"विकत काही नाही मावशी. विकायचे नियम काय असावेत, ते लिहिते."

"म्हंजे मासली नाय, टोपली पन नाय. मंग तुला पगार देतो कोन?"

"ऑफिस देतं."

पारूबायने आईकडे पाहिलं. "पोरीला जप गो. काय तरी लफडा हाय ह्यो."

आबांचं वेगळंच. ताई एकदा जेवताना म्हणाली, की आंब्यातल्या अळीच्या भीतीने काही देश आपला आंबा घेत नाहीत आणि त्या अळीवर तिने चाळीस पानं लिहिली आहेत. आबा घास थांबवून म्हणाले, "अळी निघाली तर काप आन् टाक. त्येला चाळीस पानं?" पण ते कुतूहलाने ऐकत, हे खरं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचारत, "मग ती अळी त्यांच्याकडं जाऊन करती काय?" आणि ताई अंधारात उत्तर देत असे. मी त्यात पडत नसे. मला फक्त जिनिव्हात चॉकलेट मिळतं एवढं माहीत होतं आणि ताई तिकडे कधी जाते याची मी वाट बघत होतो.

ऑफिसात तिची जागा मागच्या खुर्चीत. बैठकीत पुढे साहेब, त्यांच्या मागे ताई. ताईने चिठ्ठी सरकवायची, साहेबांनी ती आपल्याच डोक्यातून आल्यासारखी म्हणायची. एकदा दोन चिठ्ठ्यांचा क्रम चुकला आणि साहेबांनी कांद्याच्या बैठकीत द्राक्षांचा मुद्दा मोठ्या तळमळीने मांडला. ही गोष्ट ताई आम्हाला रंगवून सांगे. हसून झालं की मात्र लगेच उठून ताटं उचलायला लागे.

मग दिल्लीहून एका मॅडमचा फोन आला. त्या व्यापाराच्या वाटाघाटी करणाऱ्या सरकारी पथकात वरच्या जागेवर होत्या. संघटनेचा आंब्याच्या बाजारावरचा अहवाल त्यांनी वाचला होता आणि त्यांचा प्रश्न एकच होता: "हे लिहिलंय कुणी?" साहेबांना नाव सांगावं लागलं. मॅडमना पथकात एक माणूस घ्यायचा होता. शिवाय समोरच्या बाजूचा एक परदेशी अधिकारी भारतात आला होता. त्याचं म्हणणं, तुमच्या बाजारात भाव फडक्याखाली ठरतो, कुणाला दिसत नाही, त्यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? ताईने अहवालात ठासून लिहिलं होतं, की पद्धत इमानदार आहे, दिलेला शब्द इथे मोडत नाही. मॅडम म्हणाल्या, त्यालाच घेऊन येते. दाखव.

घरातही एक तारीख ठरत होती. कराडचं स्थळ आलेलं. मुलगा चांगला, शेती, दूध डेअरीत नोकरी. मुलीने नोकरी सोडावी एवढीच अट. आबांनी ताईला सांगितलं, "दिल्लीचं जमलं तर माझा शबुद, जा. न्हाई जमलं तर कराडला हू म्हनायचं. मग मागं बघायचं न्हाई." ताईने मान डोलावली. म्हणजे दिल्ली की कराड, हे आमच्या गाळ्यावर ठरणार होतं.

त्या सकाळी ताईने आईची कांजी केलेली सुती साडी नेसली आणि मला दाराशी गाठून सांगितलं, "पक्या, तू फक्त आंबे कापायचे. तोंड उघडायचं ते आंबा खायला." मी म्हटलं, "एवढा विश्वास नाही माझ्यावर?" ती म्हणाली, "नाही."

पांढऱ्या अँबेसिडरमधून दोघं उतरली. मॅडम ठेंगण्या, चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट, पेंढ्यात न घसरता चालणाऱ्या. पाहुणा एवढा उंच की गाळ्याच्या पत्र्याला डोकं लागेल असं वाटावं. मी आंबा कापला. त्याने एक फोड खाल्ली, डोळे मिटले, आणि पुढची दहा मिनिटं तो जागचा हलला नाही. ताई, आबा आणि मॅडम गाळ्याच्या टोकाला आढीतला माल बघायला गेले. पाहुणा माझ्यापाशी उरला. कोपरापर्यंत रस ओघळलेला, आणि नजर आबांच्या गादीवरच्या रुमालावर. "ते कशासाठी?" त्याने विचारलं.

आता मला सांगा, एखादा माणूस अर्ध्या जगातून आला आणि इतक्या कुतूहलाने विचारतोय, तर गप्प बसणं बरं दिसतं का? बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा बसलेलं माझं इंग्रजी मी बाहेर काढलं. पण इंग्रजी अर्ध्यात संपलं, म्हणून मी आबांच्या जागेवर उभा राहिलो, त्याचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि त्याचं बोट दाबलं. तो लहान पोरासारखा हसला. त्याने माझी दोन बोटं दाबली. मीही खूश झालो; इतक्या मोठ्या हाताने माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आणि धडा पूर्ण व्हावा म्हणून, शेवट कसा करतात हे त्याला दिसावं म्हणून, मी रुमाल झटकला आणि थेट आबांच्या आवाजात ओरडलो, "दिला!"

आबांचा आवाज मला फार चांगला काढता येतो. तोच घोटाळा झाला.

हमालांनी पहिली पेटी उचलली. गाळ्याचा हिशोब लिहिणाऱ्या मेहताजींनी मान वर न करता विचारलं, "किती?" आणि मी, विचारलं की उत्तर द्यायचं ही परीक्षेत कधी न दिसलेली सवय त्याच दिवशी लागल्यासारखा, म्हणालो, "दोन." त्या मालाला त्या सकाळी चार बोटंही कमी पडली असती. शेजारी हमीदभाई उभे होते. रायगडच्या किनाऱ्याकडचे, आबांचे जुने गिऱ्हाईक, त्या ढिगासाठीच ताटकळलेले. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "वा पक्याशेठ. बोहनी दोनवर झाली? मग आज गाळ्याचा भाव दोन. उरलेला माल मला लावा." बोलले हसत, पण रीत तीच होती: पहिल्या विक्रीवर दिवसाचा भाव. आजूबाजूचे दलाल जमायला लागले. बाहेर दोन हमाल अँबेसिडरच्या डिकीत पेट्या कशा बसतील याचा अंदाज घेत होते आणि ड्रायव्हर त्यांना हिंदीतून शिव्या देत होता.

ताई, आबा आणि मॅडम परत आले. मेहताजींनी दोन वाक्यांत सांगितलं. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आबा, मी नुसतं दाखवत होतो..."

"दिला म्हटलं म्हंजी दिला," आबा म्हणाले. "मोडायचा न्हाई."

मोडला असता तर पाहुण्याचं म्हणणं खरं: इथला शब्द फिरतो. नाही मोडला तर बागायतदार लुटला जात होता, आणि त्याच्यापाठोपाठ त्या दिवशी माल पाठवलेले सगळे. मॅडम फक्त ताईकडे बघत होत्या, पुढे काय करते म्हणून. पाहुण्यालाही आता काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं आणि तो दोन्ही हात कुठे ठेवावेत या विवंचनेत होता.

ताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "अभिनंदन. हा माल आता तुमचा आहे. गाडीत मावणार नाही. विकणार का?"

तो गोंधळून म्हणाला, "कुणाला?"

"हमीदभाईंना."

हमीदभाई मागे सरले. "मला साहेबांची भाषा नाय येत, पोरी. हात धरून काय करू?" मग थोडं थांबून, आबांकडे न बघता, त्यांनी स्वतःचा रुमाल खिशातून काढला. "माझ्यातर्फे तू घाल हात."

हमालांनी हातातल्या पेट्या खाली ठेवल्या. त्या बाजारात बाईमाणूस रुमालाखाली हात घालताना कुणी पाहिलं नव्हतं. आबा वर पत्र्याकडे बघायला लागले. ताईने पदर खोचला, पाहुण्याला बोटांचा हिशोब चार वाक्यांत समजावला, आणि त्याच्या त्या रसाने चिकट झालेल्या हाताला धरून वर हमीदभाईंचा रुमाल टाकला.

मला वाटलं होतं तो बिचारा लाजून पहिल्या दाबालाच हो म्हणेल. कसला! माल आपला आहे म्हटल्यावर माणसाचं काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याने आधी हमीदभाईंचा अधीर चेहरा निरखला, मग ढिगाकडे पाहिलं, मग मान हलवली. ताईने पुन्हा दाबलं. पुन्हा मान. त्याचे कान लाल. वर ताई त्याला विचारत होती, प्रवास कसा झाला, मुंबईचा उकाडा सोसतो का. अगदी आबा. कुणीतरी मागून पुटपुटलं, "गोरा लय चिकट हाय रे." शेवटी त्याने रुमाल झटकला आणि उंचावरून गर्जला, "डिला!"

गाळा हसून फुटला. भाव बरोबर बसला होता, हमीदभाईंनी खुशीत कबूल केला आणि उरलेल्या मालालाही दोनऐवजी तोच लावायला सांगितला. मधला फरक पाहुण्याने घ्यायला साफ नकार दिला, त्याच्या खात्याचा तसा नियम होता म्हणे; आबांनी तो बागायतदाराच्या नावे लावला. (हे लिहिताना ताईला फोन केला. ती म्हणते, रुमाल निळ्या चौकड्यांचा होता आणि मी पाहुण्याला "सर" ऐवजी "मामा" म्हणत होतो. रुमालाचं मान्य.)

इथे गोष्ट संपली असती तर मी आज हीरो असतो. पण मॅडमनी हिंदीत शांतपणे विचारलं, "निर्मला, तुमने लिखा है ये तरीका ईमानदार है. है?"

ताईने हात पुसला. एकदा आबांकडे पाहिलं. तिला 'हो' म्हणायचं होतं, एवढंच. सगळे तिच्या बाजूने होते, पाहुणासुद्धा. ती हिंदीतच म्हणाली, "माणसं इमानदार आहेत. पद्धत आहे असं मला आता लिहिता येणार नाही. ज्याचे आंबे, तो देवगडला बसलाय. त्याचा माल सकाळपासून दोनदा विकला गेला, एकदा मातीमोल, आणि त्याला पत्ता नाही. इथे माझे वडील होते म्हणून निभावलं. ते नसते तर? ते वाक्य मी बदलीन."

आबांना हिंदी चांगलं समजतं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, आंबा खावा." मॅडमनी खाल्ला आणि दोघं निघून गेली. 'कळवू' वगैरेही नाही.

त्या दिवसापासून आबा ताईशी बोलेनासे झाले. मीठ हवं असलं तर मला सांगत, "तुझ्या ताईला म्हन." कराडला निरोप पाठवायची भाषा सुरू झाली. ताई गपचूप ताटं वाढायची. एकदा मात्र तिला राहवलं नाही. "आबा, मी तुम्हाला खोटं म्हटलं नाही. तुम्ही कधीच लपवलं नाहीत. रुमाल लपवतो." आबा जेवत राहिले. तेव्हा आई, जिने ह्या विषयात आजवर तोंड घातलं नव्हतं, परातीतलं पीठ मळता मळता म्हणाली, "मलाबी लगीन झाल्यापासनं इचारायचं हुतं, खाली काय भाव चाललाय. पर मी म्हटलं, बायकांनी इचारू नाही." आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू भिंत बोलली.

शेजारच्या सावंतांकडे फोन होता. एका संध्याकाळी त्यांची सून धावत आली: दिल्लीचा फोन, निमाताईला. ताई गेली, परत आली आणि दारातच उभी राहिली. मॅडमनी तिला पथकात घेतलं होतं. पुढच्या खुर्चीत बसवणार होत्या, मागच्या नाही. म्हणाल्या म्हणे, आपल्या बाजूची खोट समोरच्याआधी ज्याला दिसते असा माणूस मी शोधत होते.

"पण मी जाणार नाही," ताई आबांकडे बघत म्हणाली. "तुम्ही तोंडाने सांगितल्याशिवाय नाही."

आबा रसाची वाटी हातात धरून बसले होते. आई थांबली. बाहेर ट्रकचं "आने दो, आने दो" चाललं होतं. ही शांतता मला सोसवेना. मला वाटलं, ह्या घरात वातावरण हलकं करणारा मीच एक. मी म्हटलं, "आबा, खरं तर श्रेय माझं आहे. मी ढीग विकला नसता तर ताईला हे सगळं सुचलं असतं का? मला पण न्यायला हवं दिल्लीला."

आबांनी वाटी खाली ठेवली. कितीतरी दिवसांनी ते ताईकडे वळले.

"तू जा," ते म्हणाले. "शबुद दिलाय म्या. पर ह्येला कदी तिकडं न्हेऊ नगंस. देश इकून यील, आन् वर गिऱ्हाइकाला इचारंल, पिशवी आनलीया का?"